सुईच्या आधीची दोन मिनिटे : रुग्णालयातील तान्ह्या बाळांच्या वेदना कमी कशा कराव्यात

नवजात विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेच्या किंवा निवासी डॉक्टरच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक शब्द सारखा पडतो, तो म्हणजे ‘किरकोळ’. टाच टोचून रक्त घेणे किरकोळ, शिरेत सलाइनची सुई लावणे किरकोळ, नाकातून पोटात नळी घालणे किरकोळ, आणि चिकटपट्टी ओढून काढणे तर कोणाच्या हिशेबातही नसते. काम करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा शब्द खरा आहे, कारण त्याला त्यासाठी दोन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. बाळाच्या बाजूने हिशेब मांडला की चित्र बदलते. पॅरिस आणि परिसरातील अतिदक्षता विभागांत 430 नवजात बाळांची पाहणी झाली आणि ती 2008 साली प्रसिद्ध झाली. दाखल झाल्यापासूनच्या पहिल्या चौदा दिवसांत एका बाळाच्या वाट्याला दिवसाला साधारणपणे दहा वेदनादायक प्रक्रिया आल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे 79 टक्के प्रक्रियांच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी खास असा कोणताही उपाय योजलेला नव्हता.

हा लेख प्रामुख्याने अशा विभागात नव्याने काम करू लागलेल्यांसाठी आहे. मात्र ज्यांचे बाळ दाखल आहे अशा आईवडिलांनीही तो वाचावा, कारण यातले सर्वांत परिणामकारक दोन उपाय त्यांच्याच हातात आहेत. औषधांची मात्रा आणि निवड यांबाबत आपल्या विभागाची लेखी नियमावली आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय हाच अंतिम समजावा.

नवजात बाळाला वेदना फारशी कळत नाही, असा समज वैद्यकात 1980च्या दशकापर्यंत टिकून होता, आणि मोठ्या शस्त्रक्रियासुद्धा अगदी जुजबी भूल देऊन केल्या जात असत. 1987 साली आनंद आणि हिकी यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा घेतला आणि त्यानंतर त्या समजाला आधार उरला नाही. आज आपल्याला माहीत आहे की अपुऱ्या दिवसांच्या बाळातही वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचवणारे मार्ग तयार झालेले असतात, पण तो संदेश वाटेत दडपणारी, मोठ्या माणसात काम करणारी यंत्रणा मात्र अजून कच्ची असते. म्हणजे बाळ जितके लहान, तितका त्याच्याकडे वेदनेवरचा अंगभूत लगाम कमी.

आधी एक प्रश्न : टोचायलाच हवे का?

वेदनाशमनाची पहिली पायरी औषधांच्या कपाटापाशी सुरू होत नाही, ती तपासण्यांच्या यादीपाशी सुरू होते. सकाळी साखरेसाठी एकदा, दुपारी काविळीसाठी एकदा आणि रात्री आणखी कशासाठी एकदा टाच टोचण्यापेक्षा ही रक्ते एकाच वेळी घेता येतील का, हे विचारायला नवख्या माणसाला संकोच वाटतो. पण हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे. रोजच्या रोज आपोआप पुढे चालू राहणाऱ्या तपासण्या कोणी थांबवल्या नाहीत म्हणूनच अनेकदा चालू राहतात. नाळेतील नळी किंवा धमनीतील नळी आधीच घातलेली असेल, तर रक्त तिथून मिळू शकते. काविळीचा अंदाज त्वचेवर ठेवायच्या यंत्राने येत असेल, तर प्रत्येक वेळी रक्त घ्यावे लागत नाही.

टोचणे अटळच असेल तर कोठे आणि कशाने, हे ठरवावे. पुऱ्या दिवसांच्या बाळात सराव असलेल्या हाताने शिरेतून रक्त घेणे हे टाच टोचण्यापेक्षा कमी वेदनादायक ठरते, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. टाचच टोचायची असेल तर स्प्रिंगचे, ठरावीक खोलीपर्यंतच जाणारे स्वयंचलित लॅन्सेट (टोचण्याचे छोटे साधन) वापरावे. हाताने टोचायचे साधे पाते किंवा इंजेक्शनची सुई वापरू नये. आणि किती वेळा प्रयत्न करायचा याची मर्यादा आधीच ठरवावी. दोनदा शीर सापडली नाही तर तिसऱ्यांदा अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे, हा नियम बहुतेक विभागांत तोंडी असतो. माझ्या मते तो भिंतीवर लिहिलेला असावा, म्हणजे बोलावणाऱ्याला कमीपणा वाटत नाही.

बाळाला वेदना होते आहे हे ओळखावे कसे

बाळ सांगू शकत नाही, म्हणून त्याचे शरीर वाचावे लागते. यासाठी मोजपट्ट्या आहेत आणि त्यांतली एक तरी पहिल्याच आठवड्यात पाठ करावी. नवख्यांसाठी ‘निप्स’ ही सर्वांत सोपी. तिच्यात सहा गोष्टी पाहतात : चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय आणि जागेपणाची अवस्था. रडण्याला 0 ते 2 आणि बाकीच्या प्रत्येकीला 0 किंवा 1 असे गुण देतात. एकूण 7 पैकी 3 हून जास्त गुण आले तर वेदना आहे असे समजतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ‘पिप’ ही मोजपट्टी अधिक योग्य आहे, कारण तिच्यात बाळ गर्भधारणेच्या किती आठवड्यांचे आहे हेही गुणांत धरले जाते, शिवाय हृदयाचे ठोके आणि रक्तातील ऑक्सिजन यांतला बदल मोजला जातो. दोन महिन्यांपुढच्या बाळांसाठी ‘फ्लॅक’ वापरतात. त्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे अशा पाच गोष्टींना मिळून 10 गुण असतात.

कोणतीही मोजपट्टी असो, चेहरा सर्वांत जास्त सांगतो. कपाळावर भुवयांच्या मध्ये फुगवटा येणे, डोळे घट्ट मिटणे, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होणे आणि तोंड ताणून उघडणे या चार खुणा एकत्र दिसल्या की भुकेचे रडणे आणि वेदनेचे रडणे यांत सहसा गोंधळ होत नाही.

फसगत होते ती न रडणाऱ्या बाळाच्या बाबतीत. खूप अपुऱ्या दिवसांचे किंवा फार आजारी बाळ सुई टोचल्यावर आवाजही काढत नाही. ते सैल पडते, निस्तेज होते, त्याचा रंग बदलतो, मॉनिटरवर ऑक्सिजन घसरतो. श्वासनलिकेत नळी असलेल्या बाळाचे रडणे तर ऐकूच येत नाही. ‘किती शहाणे बाळ, रडलेसुद्धा नाही’ हे वाक्य नवजात विभागात कौतुकाने म्हटले जाते, पण ते ऐकले की मी आधी मॉनिटरकडे पाहतो.

हाताशी असलेले उपाय

लहान प्रक्रियांसाठीचे उपाय मोजके आहेत. ते एकेकटे वापरण्यापेक्षा दोन-तीन एकत्र वापरले तर अधिक काम करतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाला परिणाम दाखवण्यासाठी काही वेळ लागतो. नवखा माणूस चुकतो तो इथेच : उपाय योग्य निवडतो, पण तो लागू पडण्याआधीच टोचतो.

स्तनपान हा सर्वांत चांगला उपाय आहे, अर्थात बाळ अंगावर पीत असेल, आई जवळ असेल आणि प्रक्रिया त्या स्थितीत करता येण्यासारखी असेल तर. यात आईचा स्पर्श, उबदारपणा, चोखणे आणि दुधाची गोडी हे सारे एकत्र येते. बाळाने नीट तोंडात धरून लयीत ओढायला सुरुवात केली की मगच टोचावे. तोंडाला नुसते लावले आणि लगेच सुई टोचली तर उपयोग होत नाही. टोचताना दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती अनेकांना वाटते, पण अभ्यासांत तसा धोका दिसलेला नाही. केवळ काढलेले आईचे दूध तोंडात घालणे हा उपाय मात्र अंगावर पाजण्याइतका प्रभावी नाही.

दुसरा उपाय कांगारू पद्धतीचा, म्हणजे लंगोट आणि टोपी एवढेच घातलेले बाळ आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभे धरून वरून पांघरूण घालणे. ही पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे सुरू झाली, आणि पुढे तिचा वेदनाशमनाशी असलेला संबंध लक्षात आला. टोचण्याआधी किमान 10 ते 15 मिनिटे बाळ छातीवर असावे आणि टोचून झाल्यावरही काही वेळ तसेच राहावे. टाच टोचणाऱ्याला यासाठी खाली वाकून किंवा खुर्चीवर बसून काम करावे लागते, म्हणून अनेक जण टाळाटाळ करतात. खुर्चीची उंची आधीच जुळवून घेतली तर हा त्रास उरत नाही.

तिसरा उपाय साखरेच्या द्रावणाचा. यासाठी 24 टक्के सुक्रोजचे, रुग्णालयासाठी निर्जंतुक तयार केलेले द्रावण वापरतात. काही ठिकाणी 20 ते 30 टक्के ग्लुकोज वापरले जाते. द्रावण जिभेच्या पुढच्या भागावर थेंबाथेंबाने घालायचे असते. गोड चव तोंडात जाणवल्यामुळेच परिणाम होतो, त्यामुळे नळीतून थेट पोटात दिलेल्या साखरेने वेदना कमी होत नाही. हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगावे लागते. घातल्यानंतर सुमारे दोन मिनिटे थांबावे लागते आणि परिणाम साधारण पाच ते आठ मिनिटे टिकतो, म्हणून लांबणाऱ्या प्रक्रियेत मध्येच पुन्हा थोडे घालावे लागते. मात्रा जास्त म्हणजे परिणाम जास्त, असे होत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाच टोचण्याच्या वेळी 0.1, 0.5 आणि 1 मिलिलिटर अशा तीन मात्रांची तुलना केली, तेव्हा 0.1 मिलिलिटर म्हणजे दोन-तीन थेंब हे बाकीच्या मात्रांइतकेच उपयोगी ठरले.

साखर निरुपद्रवी वाटते म्हणून तिची मोजदाद ठेवली जात नाही, आणि हे मला मान्य नाही. 31 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात ज्यांना साखरेच्या मात्रा फार वेळा दिल्या गेल्या, त्यांचे लक्ष आणि हालचाल यांच्या विकासाचे गुण कमी आढळले. शिवाय 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असे दिसले की साखर दिल्यावर चेहऱ्यावरची वेदना कमी होते, पण मेंदूत नोंदवलेली वेदनेची विद्युत हालचाल कमी झालेली दिसत नाही. या निष्कर्षावर अजून वाद आहेत. तरीही त्यातून काम करणाऱ्यासाठी एक गोष्ट निघते : साखर हे औषध समजून लिहून घ्यावे, चोवीस तासांतल्या मात्रांची कमाल मर्यादा ठरलेली असावी, रडणारे बाळ गप्प करण्यासाठी ती वापरू नये आणि केवळ तिच्यावर विसंबू नये. आतड्याचा गंभीर आजार असलेल्या किंवा त्याची शंका असलेल्या, गिळता न येणाऱ्या, तोंडाने काहीही न देण्याचा आदेश असलेल्या किंवा फ्रुक्टोज न पचणाऱ्या बाळाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

चोखणी हा साखरेचा जोडीदार आहे. दोन्ही मिळून दिल्यास एकट्याने मिळतो त्यापेक्षा चांगला परिणाम मिळतो. आईवडिलांची चोखणीला हरकत असेल तर आईचे किंवा परिचारिकेचे हातमोजा घातलेले स्वच्छ बोटही चालते.

हातांनी सावरून धरणे हा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. बाळाला कुशीवर किंवा पाठीवर ठेवून एका हाताने डोके आणि दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय हलके पण स्थिर दाबाने धरावेत, हात छातीशी तोंडाजवळ आणावेत, म्हणजे बाळ गर्भातल्यासारखे गोळा होऊन राहते. हात थोपटत किंवा चोळत राहू नयेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हलत्या स्पर्शापेक्षा स्थिर स्पर्श मानवतो. दुसरा माणूस नसेल तर दुपट्यात गुंडाळून फक्त ज्या अवयवावर काम करायचे तो बाहेर ठेवावा. गुंडाळताना कमरेखाली दुपटे सैल असावे, म्हणजे पाय मांडीपासून बाहेरच्या बाजूला दुमडू शकतात आणि खुब्यावर ताण येत नाही.

त्वचा बधिर करणारे मलम शिरेत सुई घालणे किंवा मणक्यातून पाणी काढणे अशा पूर्वनियोजित कामांसाठी उपयोगी आहे. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे प्रत्येकी 2.5 टक्के मिश्रण असलेले मलम लावून वर हवाबंद पट्टी चिकटवावी लागते आणि ते लागू पडायला सुमारे 60 मिनिटे लागतात. तीन महिन्यांच्या आतल्या किंवा 5 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात एका वेळी जास्तीत जास्त 1 ग्रॅम, 10 चौरस सेंटिमीटर जागेवर आणि एक तासच, अशी मर्यादा आहे. प्रिलोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळात आणि तोच दोष वाढवणारी औषधे चालू असलेल्या बाळात ते वापरण्याआधी डॉक्टरांचा स्पष्ट आदेश हवा. या मलमाने त्वचा पांढरी पडते आणि शिरा आकसतात. पुसल्यावर पाच-दहा मिनिटे थांबल्यास शीर पुन्हा दिसू लागते. टेट्राकेनचे 4 टक्के जेल उपलब्ध असेल तर ते 30 ते 45 मिनिटांत लागू पडते आणि शिरा आकसवत नाही.

एक प्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत

टाच टोचण्याचेच उदाहरण घेऊ, कारण तेच सर्वाधिक वेळा करावे लागते. मलम इथे उपयोगी पडत नाही. टाचेची वेदना टोचण्याइतकीच पिळण्यानेही होते आणि मलम ती थांबवत नाही. टाच गरम केल्यानेही वेदना कमी होत असल्याचे दिसलेले नाही.

पहिल्यांदा वेळ निवडावी. बाळ गाढ झोपेत असेल आणि तपासणी तासाभराने चालणार असेल तर थांबावे. थांबणे शक्य नसेल तर त्याला हलक्या आवाजाने आणि हाताच्या स्पर्शाने जागे करावे, थेट सुईने जागे करू नये. प्रखर दिवा बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा वळवावा आणि शेजारच्या गप्पा थांबवाव्यात.

मग सारे साहित्य मांडून घ्यावे : लॅन्सेट, नळ्या, कापसाचे बोळे, जंतुनाशक, साखरेचे द्रावण, चोखणी, नावाची चिठ्ठी. बाळाचा पाय हातात धरून ‘नळी कुठे आहे?’ असे ओरडण्याची वेळ येऊ नये, कारण साखरेचा परिणाम त्या शोधाशोधीतच संपतो. दुसऱ्या माणसाला बोलवावे. आई किंवा वडील तयार असतील तर बाळ छातीवर घेण्यासाठी किंवा पाजण्यासाठी त्यांना आधीच बसवावे. नसतील तर दुसऱ्या माणसाने बाळ सावरून धरावे. टोचण्याआधीचे ‘निप्स’चे गुण मनाशी नोंदवून ठेवावेत, म्हणजे नंतरच्या गुणांना अर्थ येतो.

आता साखरेचे थेंब जिभेवर घालावेत, चोखणी द्यावी आणि घड्याळ पाहावे. दोन मिनिटे. या दोन मिनिटांत काम करणाऱ्याचे हात शिवशिवतात. मीही सुरुवातीला ती अर्ध्यावर तोडत असे आणि साखर काम करत नाही असा निष्कर्ष काढत असे. याच वेळात जंतुनाशक लावून ते वाळू द्यावे. ओल्या जंतुनाशकातून टोचले तर झोंबते आणि नमुनाही बिघडतो.

टोचण्याची जागा तळपायाच्या मागच्या भागाच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असावी. टाचेच्या मागच्या गोलाईवर आणि मधोमध टोचू नये, कारण तिथे हाड त्वचेच्या जवळ असते. आधीच टोचलेल्या, काळ्यानिळ्या पडलेल्या ठिकाणी पुन्हा टोचू नये. बाळ लयीत चोखू लागले की लॅन्सेट टेकवून दाबावे. पहिला थेंब पुसून टाकावा आणि पुढचे थेंब आपोआप जमू द्यावेत. पाय हृदयाच्या पातळीखाली असेल तर रक्त सहज येते. पिळण्याऐवजी हलके धरावे, सोडावे, पुन्हा धरावे. सतत दाबून पिळले तर बाळाला दुखते, रक्तपेशी फुटतात, पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते, आणि मग तो अहवाल तपासण्यासाठी त्याच बाळाला दुसऱ्यांदा टोचावे लागते.

रक्त घेणे पाच मिनिटांहून अधिक लांबले तर साखरेचे आणखी एक-दोन थेंब द्यावेत. ऑक्सिजन घसरला किंवा हृदयाचे ठोके मंदावले तर थांबावे, बाळ सावरू द्यावे आणि मगच पुढे जावे. रक्त घेऊन झाल्यावर कोरड्या बोळ्याने दाब द्यावा. काम संपले म्हणून सावरून धरलेले हात एकदम काढून घेऊ नयेत. बाळाचा श्वास आणि चेहरा पूर्ववत होईपर्यंत, सहसा दोन-तीन मिनिटे, ते तसेच ठेवावेत आणि मग एकेक करून हळू सोडावेत.

बाकीच्या प्रक्रियांत काय बदलते

शिरेत सुई घालताना क्रम तोच असतो, फक्त एक तास आधी मलम लावता आले तर लावावे. तातडीच्या वेळी मलमासाठी थांबता येत नाही, पण साखर आणि सावरून धरणे यांना तातडीचा अडथळा क्वचितच येतो. एकदा लागलेली सुई नीट टिकली तर पुढची टोचणी वाचते, म्हणून ती बांधण्यावर घालवलेला वेळ हाही वेदनाशमनाचाच भाग समजावा.

मांडीत इंजेक्शन देताना सुई आत गेल्यावर मागे ओढून रक्त येते का हे पाहण्याची गरज लसींच्या बाबतीत नाही; त्याने सुई आत जास्त वेळ राहते आणि दुखते. एकाच वेळी दोन लसी असतील तर कमी दुखणारी आधी द्यावी.

मणक्यातून पाणी काढताना मलम, डॉक्टरांनी टोचायचे बधिर करणारे औषध आणि साखर ही तिन्ही वापरता येतात. धरणाऱ्याने कंबर वाकवावी, मान मात्र छातीकडे दाबू नये. मान फार वाकवली की श्वास कोंडतो आणि ऑक्सिजन घसरतो. धरणारा माणूस हा इथे नुसता मदतनीस नसतो, मॉनिटर आणि बाळाचा रंग यांवर नजर ठेवण्याची जबाबदारी त्याचीच असते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ही बाहेरून पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटते, पण पापण्या उघड्या ठेवणाऱ्या साधनामुळे ती अतिशय त्रासदायक असते. डोळा बधिर करणारे थेंब, साखर, चोखणी आणि दुपट्यात गुंडाळणे हे सारे एकत्र करावे. एवढे करूनही वेदना पूर्ण जात नाही, हे आईवडिलांना आधीच सांगावे.

नाकातून नळी घालताना ती पाण्याने ओली करावी आणि बाळ चोखणी चोखत असताना, गिळण्याच्या लयीत पुढे सरकवावी. चिकटपट्टी काढताना ती त्वचेवरून वर उचलून ओढू नये. पट्टी स्वतःवरच मागे दुमडत, त्वचेला समांतर, कोमट पाण्याने भिजवलेल्या बोळ्याने सोडवत न्यावी आणि दुसऱ्या हाताने त्वचा धरून ठेवावी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वरची त्वचा पट्टीबरोबरच निघून येऊ शकते. सिलिकॉनचा गोंद असलेल्या पट्ट्या मिळत असतील तर त्या वापराव्यात.

जे वापरू नये

मध कोणत्याही कारणाने देऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घरी विरघळवलेली साखरही चालणार नाही, कारण ती निर्जंतुक नसते आणि तिचे प्रमाणही ठाऊक नसते. पॅरासिटामॉल टाच टोचण्यासारख्या क्षणिक, तीव्र वेदनेवर काम करत नाही. ते शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी ठेवावे. झोप आणणारी औषधे बाळाला निपचित करतात, वेदना मात्र तशीच राहते आणि ती व्यक्त करण्याचे साधन तेवढे जाते. मॉर्फिनसारखी औषधे लहान प्रक्रियांसाठी सरसकट वापरण्याचा विचारही धोक्याचा आहे : अपुऱ्या दिवसांच्या बाळांत डोळ्यांच्या तपासणीआधी तोंडावाटे मॉर्फिन देऊन पाहणारी एक ब्रिटिश चाचणी श्वासावर दुष्परिणाम दिसल्यामुळे वेळेआधीच थांबवावी लागली.

आईवडिलांना सोबत घेताना

‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ हे वाक्य सवयीने तोंडी येते. त्याऐवजी ‘बाळाला थोडे दुखणार आहे, तुम्ही जवळ असलात तर कमी दुखेल, थांबायला आवडेल का?’ असे विचारावे. ज्यांना पाहवत नाही त्यांच्यावर सक्ती करू नये, आणि जे थांबतील त्यांना काय करायचे हे नेमके सांगावे : हात कुठे ठेवायचा, कधी पाजायला घ्यायचे, किती वेळ तसेच राहायचे. बाळाला धरून ठेवण्याचे, म्हणजे हालचाल रोखण्याचे काम त्यांना देऊ नये. ते कर्मचाऱ्याने करावे आणि आईच्या वाट्याला फक्त सांत्वन यावे.

आईवडिलांनीही संकोच न करता तीन गोष्टी विचाराव्यात : ही तपासणी आत्ताच लागते का, दुखू नये म्हणून काय करणार आहात, आणि त्या वेळी मी बाळाला छातीवर घेऊ शकते का, किंवा घेऊ शकतो का. चांगल्या विभागात या प्रश्नांचा राग येत नाही.

नोंद

मधुमेही आयांच्या नवजात बाळांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर तपासण्यासाठी या बाळांची टाच पहिल्या एक-दोन दिवसांत वारंवार टोचलेली होती. पुढे शिरेतून रक्त घेण्यासाठी त्यांच्या हाताची त्वचा नुसती स्वच्छ करू लागताच ती इतर बाळांपेक्षा अधिक चेहरा आक्रसत होती, आणि प्रत्यक्ष सुईलाही त्यांची प्रतिक्रिया अधिक तीव्र होती. दोन दिवसांच्या बाळालाही पुढे काय येणार हे शिकता येते. म्हणून मागच्या पाळीत या बाळाच्या वाट्याला काय आले, हे पुढच्या पाळीतल्या माणसाला कळणे आवश्यक असते.

प्रत्येक प्रक्रियेनंतर एक ओळ लिहावी : कोणती प्रक्रिया, कितवा प्रयत्न, कोणते उपाय केले, साखरेची मात्रा आणि वेळ, आधीचे आणि नंतरचे गुण, बाळ सावरायला किती वेळ लागला. चोवीस तासांत साखरेच्या किती मात्रा झाल्या याची बेरीज त्याच पानावर असावी. गुण 3 हून अधिक आले असतील तर पुढच्या वेळी काय बदलायचे हेही तिथेच लिहावे. उदाहरणार्थ, ‘चोखणी धरत नाही, आईच्या छातीवर शांत राहते, सकाळी दहानंतर आई येते, तातडी नसेल तर तोपर्यंत थांबावे’.